वस्तूंना हात लावू नये

कोणत्याही वस्तुसंग्रहालयात शिरले की मूर्तींच्या आधी एक पाटी भेटते : ‘वस्तूंना हात लावू नये.’ भाषा कुठे मराठी, कुठे तेलुगू, कुठे हिंदी, मजकूर एकच. लहानपणी ती आम्हांला शाळेच्या शिस्तीचाच एक भाग वाटे. पुढे ती दिसेनाशी झाली, कारण धड डोळे असलेल्या माणसाला त्या पाटीने फारसे काही नाकारलेले नसते. तिने नेमके काय नाकारले आहे हे आम्हांला गेल्या काही वर्षांत आमच्या थोरल्या मामांमुळे कळले. आणि जे कळले ते केवळ सोयीगैरसोयीपुरते नाही, कलाकृती पाहणे म्हणजे काय आणि तिच्याविषयी बोलणे म्हणजे काय याच्याशी त्याचा संबंध आहे, असे वाटल्यावरून हा लेख.

मामा हैदराबादेतील एका मराठी शाळेत इतिहास शिकवीत. सालारजंग संग्रहालय दिवाण देवडीत होते तेव्हापासून, म्हणजे १९६८ साली ते मुसीकाठच्या नव्या वास्तूत आले त्याच्याही आधीपासून, ते दरवर्षी सातवीचा वर्ग तेथे नेत. साठीनंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू नेली. आता उजेड आणि अंधार एवढेच कळते. एकदा दुपारचा चहा घेताना त्यांनी विचारले, “अरे, ती रिबेका आहे ना, तिचा बुरखा गालाला चिकटलेला आहे की सुटा? मधे बोट जाईल का?”

आम्ही ते शिल्प किमान वीस वेळा पाहिले असेल. पाहुणे आले की सालारजंग आणि सालारजंगमध्ये प्रथम रिबेका, हा इथल्या प्रत्येक मराठी घराचा नेम. तरीही उत्तर देता आले नाही. मामा हसले. म्हणाले, “मलाही आठवत नाही. इतकी वर्षं पोरांना दाखवली, पण स्वतः पाहिली नसावी.”

म्हणून आम्ही पुन्हा गेलो. जोव्हान्नी मारिया बेंझोनी या इटालियन शिल्पकाराचे हे संगमरवरी शिल्प पहिल्या सालारजंगांनी १८७६ च्या युरोपयात्रेत रोमला खरेदी केले. विषय बायबलमधला : वाग्दत्त वर आयझॅक दुरून येताना दिसतो आणि रिबेका तोंडावर ओढणी घेते. शिल्पाची कीर्ती त्या ओढणीमुळे. दगड असून ती पारदर्शक वाटते, आतले नाक, ओठ, झुकलेल्या पापण्या दिसतात असे वाटते. या वेळी मामांचा प्रश्न मनात धरून पाहिले तेव्हा ध्यानी आले की आत काहीही नाही. ओढणी आणि गाल यांच्यात बोट तर काय, केसही जाणार नाही. तो एकच पृष्ठभाग आहे. शिल्पकाराने चेहऱ्याचे उठाव थोडे बोथट ठेवले आहेत आणि त्यांच्यावरून चुण्यांच्या बारीक कडा उभ्या-तिरप्या नेल्या आहेत. कड दिसली की डोळा तेथे कापड मानतो आणि कडांमधल्या मऊ उतारांत कापडाआडचा चेहरा. बाकीचे काम डोळा स्वतःच करतो. हाताला हा भुलावा झाला नसता. हाताने पहिल्या क्षणी सांगितले असते की हा सलग दगड आहे, इथे गुळगुळीत, इथे कंगोरा. बेंझोनीचे सारे कौशल्य डोळ्याला कसे फसवावे याचे आहे, आणि ते कसे साधले हे आम्हांला दृष्टी गेलेल्या माणसाच्या प्रश्नामुळे उमगले. या शिल्पावर ‘मनोहर’, ‘अप्रतिम’, ‘दगडात प्राण ओतला’ असे बरेच काही आम्ही स्वतः लिहिले आहे. त्यातील एकाही वाक्याने मामांच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

त्याच संग्रहालयात एक लाकडी शिल्प आहे, एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कारागिरीचे, शिल्पकार अज्ञात. गटेच्या ‘फाउस्ट’मधला मेफिस्टोफिलिस पुढच्या बाजूला ताठ, उर्मट, ओठांवर उपहास, आणि त्याच्याच पाठीतून कोरलेली मार्गारेट, मान खाली, हाती प्रार्थनेचे पुस्तक. दोघे एकाच ओंडक्यातून निघाले आहेत. दोघांना एकाच वेळी पाहता यावे म्हणून मागे आरसा ठेवला आहे. आम्ही या आरशाचे नेहमी कौतुक करीत आलो. आता वाटते, ती डोळ्यांना दिलेली कुबडी आहे. डोळा एका वेळी एकच बाजू पाहू शकतो, दुसरीसाठी त्याला प्रतिबिंबाचा आधार लागतो. दोन हात मात्र पुढून आणि मागून एकाच वेळी फिरू शकतात. एक तळवा सैतानाच्या पुढे काढलेल्या छातीवर आणि दुसरा त्या मुलीच्या झुकलेल्या मानेवर असला तर त्या शिल्पाची मूळ कल्पना, म्हणजे पाप आणि निरागसता यांची एकच खोड असणे, आरशावाचून हाती येईल. हे शिल्प घडविणाऱ्याने ते हातांनीच घडविले. तेव्हा त्याचे हे ज्ञान प्रथम हातांचेच होते.

येथे कोणी म्हणेल, रोज हजारो हात फिरले तर शिल्प उरणार नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्यात अर्थ नाही. घामातील क्षार आणि तेलकटपणा कांस्याला गंज आणतात, संगमरवराला डाग पाडतात. कापड, कागद, हस्तिदंत, रंगचित्र यांना तर हात लावूच नये. आम्ही पाटी काढून टाका म्हणत नाही. आमची तक्रार वेगळी आहे. प्रत्येक वस्तूचा असा विचार करून ती पाटी लावलेली नसते. एका शहरातील संग्रहालयाच्या अंगणात, नाव घेत नाही, काळ्या दगडाचा एक वीरगळ उघड्यावर उभा होता. त्यावर पाऊस पडतो, ऊन पडते, कबुतरे बसतात. मामांनी त्यावरील घोड्याच्या मानेला बोट लावताच रखवालदाराने त्यांचा हात बाजूला केला. तो बिचारा हुकमाचा ताबेदार. पण सात-आठशे वर्षे वाऱ्यापावसाने ज्याला हात लावला त्याला एका निवृत्त शिक्षकाच्या बोटाने काय होणार होते, हा प्रश्न त्या कार्यालयात कुणालाच पडलेला नव्हता.

हा नियम तितकासा सनातनही नाही. ऑक्सफर्डचे ॲशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये उघडले तेव्हा वस्तू हातात घेऊन, उचलून, वजन अजमावून पाहण्याची तेथे रीतच होती. १७१० साली आलेला उफेनबाख नावाचा जर्मन प्रवासी, सामान्य लोक सगळ्याच वस्तूंना हात लावतात म्हणून कुरकुर करून गेला. पुढे गर्दी वाढली, काचेची कपाटे आली, आणि पाहणे सभ्य व चाचपणे असभ्य ठरले. ‘प्रेक्षक’, ‘प्रदर्शन’, ‘प्रेक्षणीय’ हे आमचे शब्दही सारे डोळ्यांच्या कुळातले. गंमत अशी की साहित्याविषयी बोलताना आम्ही डोळ्यांवर इतके विसंबत नाही. तेथे आस्वाद असतो, रस असतो, शैलीला पोत असतो, कविता हृदयस्पर्शी असते.

मराठी माणसाला तरी स्पर्शाने जाणण्याची रीत परकी वाटू नये. पंढरपुरात आजही दोन रांगा असतात, मुखदर्शनाची आणि पदस्पर्शदर्शनाची. पदस्पर्शासाठी माणसे तासन्‌तास उभी राहतात, कारण पाहणे पुरेसे नाही अशी त्यांची खात्री आहे. त्या रांगेत डोळस आणि अंध वारकरी यांत तिळमात्र फरक नसतो. समचरणांवर हात आणि कपाळ टेकले की दोघांना मिळते ते सारखेच. त्या स्पर्शाने मूर्ती झिजते हे देवस्थानालाही ठाऊक आहे. म्हणून वेळोवेळी वज्रलेप होतो. २०२४ साली जतनाच्या कामासाठी पदस्पर्श सुमारे अडीच महिने बंद ठेवला होता आणि काम झाल्यावर पुन्हा सुरू केला. झीज मान्य करायची, तिच्यावर उपाय करायचा, पण स्पर्श मोडायचा नाही, अशी ही वहिवाट. संग्रहालय आणि देऊळ एक नव्हे हे आम्ही जाणतो. तरी एकाने झिजेवर औषध शोधले आणि दुसऱ्याने कुलूप, हा भेद नजरेआड करता येत नाही. दृष्टिहीन माणसाला ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणण्याची आमची रीत जुनी आणि सुंदर आहे. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या गुलाबराव महाराजांनी (१८८१–१९१५) अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात केलेली ग्रंथरचना पाहिली की त्या शब्दाचे वजन कळते. पण त्याच माणसाला काचेच्या कपाटापुढे उभे करून ‘आत एक मूर्ती आहे’ एवढेच सांगायचे, तर त्या गौरवाचे त्याने काय करावे?

या प्रश्नावर इतरत्र झालेले काम आज-कालचे नाही. इंग्लंडमध्ये संडरलंडच्या संग्रहालयात चार्लटन डीज यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच अंधशाळेतील मुलांना आणि पुढे प्रौढांनाही वस्तू हाताळू दिल्या : पेंढा भरलेले प्राणी, सांगाडे, शस्त्रे. काही मुलांनी नंतर ते प्राणी मातीत घडवून दाखविले. १९१३ साली डीज यांनी या प्रयोगांची हकीकत आपल्या व्यवसायबंधूंपुढे ठेवली. त्या काळची छायाचित्रे आहेत. त्यांत सिंहाच्या आयाळीत हात घालून उभी असलेली मुले पाहिली की ती दया दाखविली जात असल्यासारखी मुळीच दिसत नाहीत, अभ्यासात गढल्यासारखी दिसतात. हातांच्या ज्ञानाला आम्ही कमी लेखतो. हेराट व्हरमाय हे शंखशिंपल्यांचे जगन्मान्य अभ्यासक वयाच्या तिसऱ्या वर्षापासून पूर्ण अंध आहेत. येलला प्रवेशासाठी गेले तेव्हा परीक्षा म्हणून तेथील संग्रहातले शंख त्यांच्या हाती ठेवण्यात आले आणि त्यांनी ते बोटांनी ओळखून जाती सांगितल्या. दीदरोने १७४९ च्या आपल्या अंधांविषयीच्या पत्रात एका अंध गृहस्थाची गोष्ट सांगितली आहे. डोळे मिळाले तर आवडतील का, असे विचारता तो म्हणतो की त्यापेक्षा हात लांब करून मिळाले तर बरे. डोळसांना हे उत्तर विनोदी वाटते, पण त्याने ते विनोदाने दिलेले नाही.

इटलीतील आंकोना शहरात १९९३ साली ‘ओमेरो’ स्पर्शसंग्रहालय उभे राहिले. त्यामागे आल्दो ग्रास्सीनी आणि दानिएला बोत्तेगोनी हे अंध दांपत्य होते. देशोदेशी फिरताना प्रत्येक संग्रहालयात ‘हात लावू नका’ ऐकून कंटाळल्यावर त्यांनी स्वतःच्या गावात असे एक दालन मागितले, जिथे हात लावणे हाच नियम असेल. अभिजात शिल्पांच्या पूर्णाकृती प्रतिकृती, वास्तूंचे नमुने आणि समकालीन शिल्पकारांच्या अस्सल कृती तेथे आहेत. १९९९ मध्ये इटलीच्या संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा दिला. नाव होमरचे, अंध कवी म्हणून परंपरेने मानलेल्या त्या नावात आम्हांला औचित्य वाटते. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ साली सहा चित्रांच्या उठावदार प्रतिकृती बोटांसाठी मांडल्या. त्यांत कोरेज्जोचे एक चित्र होते, ज्याचे शीर्षकच ‘मला स्पर्श करू नकोस’ असे आहे. ते निवडताना कुणीतरी मनाशी हसले असावे असा आमचा तर्क. आपल्याकडे त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ हे स्पर्शदालन सुरू झाले : बावीस प्रतिकृती, ब्रेल मजकूर, ध्वनिमार्गदर्शन.

हे सारे स्वागतार्ह खरे, पण समीक्षकाने येथेच थांबू नये. प्रतिकृतीविषयी आमचा पूर्वग्रह नाही. हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधील राज्य संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला आहेत आणि मूळ लेणी पाहण्याआधी आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी अजिंठा तेथेच पाहिला. नकलेने मूळ कृतीची ओढ लागते, हा तिचा गुण. परंतु स्पर्शदालन बहुधा कोपऱ्यात असते. अंध पाहुण्याला तेथे नेऊन सोडतात, सोबतची मंडळी उरलेले संग्रहालय पाहून येतात. हजारो वस्तूंपैकी वीस-बावीस त्याच्या वाट्याला येतात, आणि त्या कुणी, कशासाठी निवडल्या यात त्याचे मत क्वचितच घेतलेले असते. शिवाय प्लॅस्टर किंवा फायबर हाताला सारखेच लागते. चोळ कांस्याचा थंडपणा आणि वजन, काळ्या पाषाणाचा राठपणा, घासून झिजलेल्या लाकडाची ऊब हे सारे त्यातून गळते. आकार उरतो, द्रव्य जाते. डोळस माणसाला कुणी सगळे संग्रहालय एकाच रंगात छापून दाखविले तर तो ते चालवून घेईल काय?

ब्रेलचीही अशीच गोष्ट. ब्रेल मजकूर लावला की कर्तव्य संपले असा समज दिसतो. लहानपणी ब्रेल शिकलेल्यांना तो मोलाचा आहेच. पण आमच्या जुन्या घरांतून आज ज्यांची दृष्टी मंदावते आहे ते बहुतेक सत्तरी-ऐंशीचे आहेत. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने झालेला नेत्रपटलाचा विकार ही त्यांची कारणे. त्या वयात ब्रेल शिकणारे थोडे. कित्येकांना अंशतः दिसते. त्यांना हवी असतात मोठी, ठळक अक्षरे, काचेवर न चमकणारा उजेड, पायरीच्या कडेला वेगळा रंग. एवढे काही खर्चिक नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचे एकोणतिसावे कलम संस्कृती आणि रंजन यांविषयीच आहे, आणि कला दिव्यांगांना सुगम करणे ही त्यात शासनाची जबाबदारी मानली आहे. कलमाचा उल्लेख करून पुढे जातो; कायद्याने उतरंड बांधता येते, वाक्य लिहिता येत नाही.

आणि खरी उणीव वाक्याचीच आहे. वस्तूखालची चिठ्ठी आठवा : नाव, द्रव्य, देश, शतक, देणगीदार. डोळस माणूस ती वाचून मान वर करतो आणि उरलेले डोळ्यांनी घेतो, असे गृहीत धरलेले असते. खरे तर तोही फारसे काही घेत नाही. आमच्या वीस भेटी साक्षीला आहेत. अंध माणसासाठी वस्तूचे वर्णन लिहायचे म्हटले की प्रथम आपण स्वतः तिच्याकडे पाहू लागतो. ते वर्णन संग्रहपालाच्या टिपणासारखे कोरडे चालत नाही आणि आमच्या समीक्षेसारखे ओले चालत नाही. मराठीला या कामी शब्दांची ददात नाही. गुळगुळीत आणि तुळतुळीत, खडबडीत आणि खरखरीत, राठ, रवाळ, चरबट, लिबलिबीत, घोटीव, ठाशीव, पन्हळ, खाच, कंगोरा. स्वयंपाकघर, सुतारकाम आणि शेत यांनी ही भाषा घडविली आहे. आपल्या साहित्यमंडळांनी कथाकवितांच्या स्पर्धा पुष्कळ घेतल्या. आपापल्या गावातील संग्रहालयाच्या दहा वस्तूंचे असे वर्णन लिहून, मोठ्याने वाचून, ध्वनिमुद्रित करून त्या संस्थेला द्यावे असे कुणा मंडळाला अजून सुचल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्हांलाही सुचले नव्हते.

रिबेकाचे वर्णन आम्ही लिहून काढले. दीड पान झाले. मामांना वाचून दाखविले तेव्हा दुसऱ्याच ओळीला त्यांनी थांबविले. “‘विलोभनीय’ काढ. त्याने मला काही कळत नाही.” पुढे ‘जणू’ तीनदा आला होता, त्यातले दोन गेले. ओढणी सुटी नसून गालाशी एकजीव आहे हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे आपल्याला कापड दिसत होतं ते आपणच विणलेलं.” नंतर प्रश्न सुरू झाले. उभी राहिली तर माझ्या कुठपर्यंत येईल? चुण्या वरून खाली येताना रुंद होतात की तेवढ्याच राहतात? पावलं उघडी आहेत का? यांतल्या एकाचेही उत्तर दीड पानात नव्हते.

येत्या रविवारी पुन्हा जायचे आहे. या वेळी मामाही येणार आहेत. तिथल्या चौकातले ते संगीत घड्याळ आमच्या वाचकांना सांगायला नको. ताशी एक इवलासा पुतळा बाहेर येऊन ठोके देतो आणि बाराला सर्वांत जास्त गर्दी होते. मामांनी बजावले आहे की बाराच्या आत पोहोचायचे, कारण मुलांना गप्प बसवण्याच्या नादात त्यांना ते बारा ठोके कधी नीट मोजताच आले नाहीत.